वीस मिनिटांनी मान टाकणारं जुनं डिझेल इंजिन: डिझेल अडतंय की हवा शिरतेय?

सकाळी पहिल्या सेल्फला इंजिन सुरू. आयडलला एकदम शांत. रिकामी गाडी हवी तशी पळते. माल भरून चढाला लागलं, की पंधरा-वीस मिनिटांनी ओढ कमी व्हायला लागते. पेडल तळाला लावलं तरी आरपीएम वर जात नाहीत, दोन-चार गचके बसतात आणि इंजिन मान टाकतं. बॉनेट उघडून दहा मिनिटं उभं राहायचं, परत सेल्फ मारायचा, आणि पठ्ठ्या असा चालू होतो की जणू काही घडलंच नव्हतं.

माझ्या गाडीने हा खेळ चार महिने केला. तेवढ्यात तीनदा फिल्टर बदलले, फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपाला) नवं किट टाकलं, टाकी उतरवून धुतली, आणि एका गॅरेजमधून ‘पंप आणि नॉझल दोन्ही खोलावे लागतील’ हे ऐकून परत आलो. (नॉझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड.) शेवटी दोष निघाला वीतभर रबरी पाइपात. तो शोधायला मुळात एक तास पुरला असता, पण मी चुकीच्या क्रमाने गेलो. म्हणून क्रमासकट लिहितोय.

इंजिन चार सिलिंडरचं, जुन्या पद्धतीच्या इनलाइन पंपाचं, म्हणजे नॉझलना दाबाने डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या. टाकी मागे चॅसीखाली, पंप पुढे. रोटरी पंप (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो तो) असेल तरी बहुतेक सगळं लागू पडेल. कॉमन रेल इंजिनाला (सगळ्या नॉझलना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळणाऱ्या नव्या इंजिनाला) मात्र यातलं काही करू नका. तिथे रेलमधला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि चालू इंजिनावर नट ढिला करणं म्हणजे जिवाशी खेळ. जुन्या इंजिनांतही नॉझलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांत शे-दोनशे बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. त्यातून उडालेली बारीक धार कातडीतून आत शिरते, दिसायला टोचल्यासारखी खूण राहते आणि आत बोट सडतं. गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची.

धूर काय सांगतो

पाना हातात घेण्याआधी सायलेन्सरकडे बघा. ओढ गेली आणि काळा धूर भकाभका येतोय, तर डिझेल भरपूर जातंय, हवा कमी पडतेय. एअर क्लीनर बघा, टर्बो असेल तर त्याचे होज बघा. हा लेख तुमच्यासाठी नाही. ओढ गेली, पण धूर जवळजवळ नाहीच, इंजिन नुसतं हलकं होत होत बसतंय, तर ते उपाशी मरतंय.

बंद पडल्यावर सेल्फ मारतानाही हेच बघायचं. इंजिन फिरतंय आणि पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतोय, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाहीये. तिथे कॉम्प्रेशन, टायमिंग, हीटर प्लग असल्या गोष्टी येतात. फिरतंय आणि धुराचा मागमूस नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाहीये. माझ्याकडे दुसरा प्रकार होता, आणि मी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. तरीही नॉझलच्या गोष्टी ऐकत बसलो.

दोन फुकटच्या तपासण्या इथेच उरका. इंजिन बंद करायची स्टॉप केबल पूर्ण मागे येते का, आणि पेडल पूर्ण दाबल्यावर पंपाचा लिव्हर स्टॉपरला टेकतो का. रोटरी पंपावर स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारी विजेची झडप) असतो. चावी चालू केल्यावर तो टक् असा वाजतो का ऐका आणि त्याची वायर हलवून बघा. ढिल्या वायरीपायी पंप उतरवलेले लोक मी पाहिलेत.

ओढणारी बाजू आणि ढकलणारी बाजू

आता मुद्द्याचं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ही ओढणारी बाजू. फीड पंपापासून फिल्टरमार्गे मोठ्या पंपापर्यंतची ढकलणारी. ढकलणाऱ्या बाजूला कुठे फट असेल तर डिझेल बाहेर येतं, ओल दिसते, वास येतो, लहान मूलही दाखवेल. ओढणाऱ्या बाजूला फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो आणि तोच चोर असतो.

शिवाय ‘पंप डिझेल ओढतो’ हे आपण बोलायला म्हणतो. पंप फक्त पोकळी करतो, डिझेल ढकलते ती टाकीतल्या डिझेलवर बसलेली बाहेरची हवा. ती फार तर 1 बारने ढकलू शकते, त्याहून जास्त नाही. उंची, लांबलचक पाइप, जाळी, वाकणं, हे सगळं त्या 1 बारमधूनच वजा व्हायचं. त्यामुळे ओढणाऱ्या बाजूचा किरकोळ अडथळाही लोडवर महागात पडतो. आयडलला डिझेल थोडंच लागतं, म्हणून तिथे काही कळत नाही.

टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलं तर काय होतं हेही यावरून कळेल. डिझेल कमी होत जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीतच पोकळी धरते आणि बाहेरची हवा ढकलेनाशी होते. इंजिन बसल्याबरोबर झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली तर तिथेच थांबा, छिद्र साफ करा आणि घरी जा. मी उघडलं, काही आवाज आला नाही.

हँड प्रायमर हातात धरून

फीड पंपावरची हाताने डिझेल ओढायची मूठ, म्हणजे हँड प्रायमर, नुसती एअर काढायला (लाइनमधली हवा बाहेर घालवायला) नसते. इंजिन बसलं की लगेच, गार व्हायच्या आत, ती फिरवून मोकळी करा आणि सावकाश वर ओढा.

लाइन मोकळी असेल तर मूठ सहज वर येते, दोन-चार झटक्यांनंतर खाली दाबताना घट्ट लागते, म्हणजे पुढे दाब भरला. हवा शिरत असेल तर वर-खाली दोन्हीकडे ती पोकळ लागते, कितीही मारा, घट्टपणा येत नाही. आणि मागे अडथळा असेल तर मूठ वर ओढताना जड जाते आणि सोडली की आपोआप खाली खेचली जाते, जणू कोणी आतून दोरी धरलीय. माझी मूठ अशीच खाली जात होती. दहा मिनिटांनी बघितली तर मोकळी. हा फरक चार महिन्यांत मी एकदाही तपासला नव्हता, कारण दर वेळी इंजिन गार झाल्यावरच हात घालायचो.

डायफ्रामचा फीड पंप असलेल्या इंजिनावर हाताचा लिव्हर कधीकधी नुसताच लुळा हलतो आणि आपण पंप मेला समजतो. पंपाला ढकलणारा कॅम नेमका उंचवट्यावर थांबलेला असतो. इंजिन एक फेरी फिरवा आणि पुन्हा मारून बघा. पंपाचा डायफ्राम खरोखर फाटला असेल तर त्याची चुगली डिपस्टिक करते. ऑइलची पातळी वाढलेली दिसते, ऑइल पातळ लागतं, डिझेलचा वास येतो. असं असेल तर इंजिन चालवूच नका, बेअरिंगं जातील.

पारदर्शक नळी

फिल्टर आणि मोठा पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी बसवा. ती फक्त तपासणीपुरती ठेवायची, कारण साधी प्लास्टिकची नळी डिझेलने कडक होऊन तडकते. एअर काढून गाडी चालवा, लोड द्या, आणि बसायला लागली की कोणाला तरी नळीकडे बघायला सांगा.

बुडबुड्यांची माळ धावतेय, तर हवा. डिझेल स्वच्छ आहे पण प्रवाह रोडावतोय, तर अडथळा. ओढणाऱ्या बाजूला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून व्हॅक्युम गेज (पोकळी मोजायचं मीटर) लावता आला तर आणखी छान. ताज्या स्थितीतला आकडा लिहून ठेवा आणि लोडवर तो चढत जातो का बघा. चढला तर अडथळा. गेज हलतच नाही आणि बुडबुडे आहेत, तर फट.

सावध करण्यासारखी एक गोष्ट: दोन्ही दोष एकत्रही असतात. मागे अडथळा आला की तिथून पंपापर्यंतची पोकळी वाढते, आणि एरवी तग धरून असलेला एखादा वॉशर त्या ओढीने हवा घ्यायला लागतो. म्हणून बुडबुडे दिसले म्हणजे फक्त फटच आहे असं समजू नका.

डबा टांगून लाइनचे तुकडे पाडा

सगळ्यात उपयोगी पडते ती ही तपासणी. स्वच्छ डब्यात पाच-सात लिटर डिझेल भरा, त्याला नवी नळी लावा आणि ती थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. डबा नीट बांधा, एक्झॉस्टपासून लांब, झाकण हवा जाईल इतकं ढिलं. मग नेहमीचा तोच चढ, तोच लोड.

इंजिन व्यवस्थित चाललं तर फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नॉझल, सगळे सुटले. दोष मागे आहे. तरीही बसलं तर मागचं सगळं सुटलं.

माझं इंजिन डब्यावर तासभर चाललं. आनंदाच्या भरात मी निष्कर्ष काढला: टाकीत कचरा आहे. टाकी उतरवली, धुतली, तळाशी थोडा गाळ निघाला, जाळीवर काळा चिकट थर होता. (डिझेलपेक्षा पाणी जड, ते तळाला बसतं, आणि त्या दोघांच्या सीमेवर जे जंतू वाढतात त्यांचा हा लिबलिबीत माल.) सापडलं म्हणून खूश झालो. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच चढावर उभी.

चूक इथे झाली. दोष मागच्या अर्ध्यात आहे हे कळल्यावर तो अर्धा पुन्हा अर्धा करायला हवा होता. ते शेवटी केलं. डब्याची नळी फीड पंपाला न जोडता, चॅसीवरच्या लोखंडी पाइपाच्या पुढच्या टोकापासून रबरी तुकडा सोडवून त्या तुकड्याला जोडली, म्हणजे लोखंडी पाइप आणि पंप यांच्यामधला रबरी तुकडा खेळात राहिला. अठराव्या मिनिटाला इंजिन बसलं. टाकी आणि लोखंडी पाइप दोन्ही निर्दोष. उरला तो रबरी तुकडा.

बाहेरून तो नव्यासारखा होता, मऊ, ना चीर ना फुगवटा. मी तो आधी दोनदा काढून हवा मारून पाहिला होता आणि दोन्ही वेळा हवा सरळ पार झाली होती. या वेळी एक मोठी सिरिंज घेतली. (तोंडाने ओढू नका. डिझेलचा थेंब फुप्फुसात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.) सिरिंज पंपाकडच्या टोकाला लावून ढकललं: मोकळं. त्याच टोकाला लावून ओढलं: दट्ट्या अर्ध्यावर आला आणि अडला. सोडला तर परत आत गेला.

पाइप उभा चिरला. आतला थर एका जागी सुटून जिभेसारखा लोंबत होता, टोक टाकीच्या दिशेला. पंपाकडून हवा मारली की जीभ भिंतीला चिकटायची, वाट मोकळी. डिझेल उलट दिशेने जोरात यायला लागलं की ती उठून तोंड बंद करायची. इंजिनाजवळचा तुकडा, तापला की रबर आणखी मऊ पडायचं, म्हणून वीस मिनिटांचा हिशेब. इंजिन बंद झालं की ओढ संपायची, जीभ पडायची, म्हणून दहा मिनिटांनी सगळं आलबेल. चार महिने मी हा पाइप नेहमी गार असताना, उलट दिशेने आणि बिनलोडाचा तपासत होतो. त्या स्थितीत तो खरोखरच चांगला होता.

इंधनाचा घटक बदलला की जुनं रबर असं बिघडतं. बायोडिझेल मिसळलेलं इंधन साध्या रबराला फुगवतं, कमी गंधकाच्या डिझेलवर गेल्यावर काही जुन्या सील आकसून गळायला लागल्याचंही पाहण्यात आहे. पाइप घेताना तो डिझेलसाठीचाच घ्या. पाण्याचा किंवा हवेचा पाइप दिसायला तसाच असतो.

दोष हवेचा असेल तर

पारदर्शक नळीत बुडबुडे असतील तर तोच डबा इंजिनापेक्षा उंच टांगून लाइनच्या टाकीकडच्या टोकाला जोडा. आता ओढणाऱ्या बाजूतही डबा उंच असल्याने थोडा दाब येतो. मीटरभर उंचीला 0.08 बार, एवढा पुरतो. सगळे जोड पुसून कोरडे करा, टिश्यू गुंडाळा, रात्रभर सोडा. जिथे कागद ओला होईल तिथे फट. घाई असेल तर चालू इंजिनावर एकेका जोडाला घट्ट ग्रीस थापा. ज्या जोडावर थापल्यावर बुडबुडे थांबतील तोच.

संशयित बहुतेक ठरलेले असतात. बँजो बोल्टचे (आतून पोकळ, ज्यातून डिझेल जातं त्या बोल्टचे) तांब्याचे वॉशर, क्लिप जास्त आवळल्याने कापला गेलेला पाइप, काचेच्या वाटीचं पॅकिंग, प्रायमरच्या मुठीखालची सील. आणि फिल्टरची रबरी रिंग: जुनी रिंग खोबणीत चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते. बाहेरून काही कळत नाही. ‘फिल्टर बदलल्यापासून त्रास सुरू झाला’ असं कोणी म्हटलं की मी आधी रिंगा मोजायला सांगतो.

टाकी अर्धी झाली की त्रास आणि भरली की बंद, असं ठरलेलं असेल तर टाकीतल्या उभ्या पाइपाला चीर आहे. डिझेलची पातळी चिरेच्या खाली गेली की तिथून हवा. बाहेरची लाइन कितीही तपासा, सापडणार नाही.

गरम झाल्यावर सुरूच होत नाही पण गार झाल्यावर होतं, आणि नळीत बुडबुडे नाहीत, प्रवाहही पूर्ण आहे, तर मोठ्या पंपाची झीज असू शकते. त्यावर ओलं फडकं टाकून थोडं निवू द्या. तेवढ्याने सुरू झालं तर पंपवाल्याकडे जायची वेळ आली. तापलेल्या पंपावर बादली ओतू नका.

एअर काढताना

क्रम टाकीकडून इंजिनाकडे. आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू, मग दुसऱ्याचा, मग पंपाचा. प्रत्येक ठिकाणी फेस जाऊन सलग धार येईपर्यंत मूठ मारायची आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. शेवटी नॉझलकडचे दोन नट अर्धी फेरी ढिले करून, तोंड लांब ठेवून सेल्फ मारायचा. एका दमात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. रोटरी पंपाला डिझेल हेच वंगण आहे, त्याला कोरडा फिरवत ठेवू नका.

पाइप बदलल्यावर माझा चढावरचा त्रास संपला, पण पंधरा दिवसांनी सकाळी इंजिन दोन-तीन सेल्फ मागायला लागलं. रात्रभरात डिझेल मागे उतरत होतं. या वेळी शोधायला पाऊण तास लागला: घाईत जुनाच तांब्याचा वॉशर परत टाकला होता. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. लाल होईपर्यंत तापवून गार केलं तर मऊ पडतं, पण नवा वॉशर मिळत असताना हा उद्योग कशाला.

रबरी पाइप बदलला असेल तर पहिल्या आठवड्यात फीड पंपाच्या तोंडची बारीक जाळी काढून बघा. जुन्या पाइपाच्या आतले कपचे तिथेच येऊन अडकतात. माझ्या जाळीत दोन निघाले, एक नखाएवढा.